दुखणे आठ दिवसांचे, हाड तीन महिन्यांचे

दंत-इम्प्लांट म्हणजे पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा बारीक स्क्रू. त्याची जाडी साधारण 3.5 ते 5 मिलिमीटर आणि लांबी 8 ते 13 मिलिमीटर असते. हाडाने त्याला नीट धरले की त्यावर जोडणीचा भाग चढवतात आणि शेवटी दाताच्या आकाराची कॅप बसते. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात हे काम आता खासगी दवाखान्यांतही होते, पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचे दंत महाविद्यालयही आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर औषधांच्या खाली बहुधा दोनच शब्द असतात: सॉफ्ट डाएट. किती मऊ आणि किती दिवस, हे मग घरच्यांनी ठरवायचे. घरचे आपल्या समजुतीने आठ दिवस पेज, शिरा आणि ज्यूस देतात, आणि दुखायचे थांबले की ताटात भाकरी येते. यातले पहिले निम्मे चुकीचे आहे आणि दुसरे पूर्णच.

टायटॅनियमला हाड धरते ही गोष्ट स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आली ती 1952 मध्ये, सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहताना. निरीक्षणासाठी हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग प्रयोग संपल्यावर निघेना. हाड त्याला चिकटून वाढले होते. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि ते त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे टिकले. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. शरीर त्या थराला परका मानत नाही आणि हाडाच्या पेशी थेट त्याला लागून नवे हाड रचतात. सगळी शस्त्रक्रिया या एका जुळणीवर उभी आहे, आणि जुळणीला वेळ लागतो.

चाकणच्या असेंब्ली लाइनवर काम करणाऱ्याला ही गोष्ट टॉर्कच्या हिशेबाने चटकन कळेल. मोटारीच्या चाकाचा नट साधारण 100 न्यूटन-मीटरला आवळतात. इम्प्लांट बसवताना 35 न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपासचा टॉर्क चांगला मानतात, म्हणजे चाकाच्या नटाचा जवळपास तीनशेवा भाग. शिवाय नट आवळला की त्याची पकड त्याच क्षणी पूर्ण होते. हाडातला स्क्रू मात्र आधी थोडा सैल पडतो आणि मग घट्ट होतो. बसवताना दाबले गेलेले हाड शरीर हळूहळू विरघळवून काढते आणि त्या जागी नवे हाड घालते. जुने निघून गेले आहे आणि नवे अजून कच्चे आहे, असा काळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास येतो. इम्प्लांटची पकड तेव्हा सर्वांत कमी असते. या दिवसांत तो हाडातल्या हाडात दीडशे मायक्रॉनपेक्षा, म्हणजे 0.15 मिलिमीटरपेक्षा जास्त हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. असा इम्प्लांट पुढे कधीच घट्ट होत नाही. तो काढावाच लागतो.

अडचण अशी की नेमक्या याच काळात रुग्णाला काहीही दुखत नसते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरू लागते. टाके सात ते दहा दिवसांत निघतात. दोन आठवड्यांत हिरडी वरून बरी दिसते. हाडाला मात्र खालच्या जबड्यात साधारण 2 ते 3 महिने लागतात आणि वरच्या जबड्यात, तिथले हाड विरळ असल्याने, 3 ते 6 महिने. हाडाची भर घालावी लागली असेल तर त्याहूनही अधिक. त्यामुळे कधी काय खायचे हे दुखण्यावरून ठरवता येत नाही. पहिला आठवडा जेवण मऊ असते ते जखमेसाठी; पुढचे महिने ते मऊ ठेवायचे असते हाडासाठी. या दोन काळांतले जेवण सारखे नसते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल उतरेपर्यंत काही खाऊ नये. ओठ आणि गाल दोन ते चार तास बधिर असतात. तेवढ्या वेळात गाल चावला गेला किंवा चहाने तोंड भाजले तरी कळत नाही. पहिले चोवीस तास जखमेत साकळलेली रक्ताची गाठ जपायची असते. गरम पदार्थांनी रक्तवाहिन्या फुगतात आणि गाठ सुटू शकते, म्हणून जे काही घ्यायचे ते कोमट किंवा थंड. दही, ताक, गार दूध, थंड केलेली मुगाच्या डाळीची पातळ पेज, शिकरण, फ्रीजमधला खरवस हे सगळे चालते. आइस्क्रीमही चालते, पण सुकामेवा किंवा चॉकलेटचे तुकडे नसलेले.

काहीही ओढून पिऊ नये, कारण ओढताना तोंडात जी पोकळी होते तिने गाठ निखळते. चिंचवड स्टेशनबाहेर शहाळे घेतले की विक्रेता सवयीने स्ट्रॉ खुपसून हातात देतो. त्याला पाणी पेल्यात ओतून द्यायला सांगावे. मस्तानीही चमच्यानेच. पहिल्या दिवशी जोराने चूळ भरणे आणि थुंकणेही टाळायचे. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ भरता येते, आणि ती प्रत्येक खाण्यानंतर भरावी. वरच्या जबड्यात सायनसजवळ काम झाले असेल तर नाक शिंकरणे आणि ओढून पिणे यांवरची बंदी दोन-तीन आठवडे चालते, आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकायचे.

दुसऱ्या दिवसापासून मराठी स्वयंपाकघर उपयोगी पडते. आजारपणासाठी म्हणून जे पदार्थ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या केले जातात त्यांपैकी बहुतेक इथे चालतात. मऊभात, मेतकूट आणि तूप हे त्यांतले सर्वांत सोयीचे. मुगाची आसट खिचडी, दहीभात, ताकातली नाचणीची आंबील, दुधी किंवा लाल भोपळ्याची शिजवून घोटलेली भाजी, कुस्करलेला बटाटा, शेवग्याच्या शेंगांचा गर काढून केलेले सार, वरणात भिजवून मऊ केलेली इडली, मऊ ऑम्लेट, हाताने बारीक केलेले पनीर ही पुढची यादी. पातळ पिठलेही चालते, फक्त मिरची कमी घालावी लागते. तिखटाने हाडाचे काही बिघडत नाही, पण ताज्या जखमेची आग होते आणि मग माणूस जेवायचेच टाळतो. मराठवाड्यातून आलेल्या आणि ठेच्याशिवाय घास न उतरणाऱ्या कामगाराला हे आठ दिवस जड जातात, त्याला इलाज नाही.

या यादीत एक छुपा धोका आहे: कूट आणि फोडणी. आपल्या जेवणात दाण्याचे कूट कशात नसते? काकडीच्या कोशिंबिरीत असते, भाजीत असते, आमटीत असते. मऊ पदार्थात मिसळलेला कुटाचा कण टाक्यात अडकला की जिभेने निघत नाही, आणि रुग्ण तो काडीने काढू पाहतो. तीळ, खसखस, राजगिरा, मोहरी, कढीपत्त्याचे तुकडे, ओल्या खोबऱ्याचा चव यांचेही तसेच. पहिले दोन आठवडे फोडणी गाळून ओतावी किंवा तुपात हिंग आणि जिऱ्याची पूड एवढ्यावर भागवावे. पेरू, अंजीर, स्ट्रॉबेरी, टोमॅटो यांच्या बियांचा त्रासही असाच. गाळून घेतले तर चालतात. चिवडा, शेव आणि फरसाण यांचे कण तर धारदार असतात. मिसळ पातळ दिसते म्हणून ती मऊ ठरत नाही.

मऊ जेवणातली सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच आहे. ते बहुधा गोड आणि पातळ होते, आणि त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. वाटीभर तांदळाच्या पेजेत दोन-तीन ग्रॅम प्रथिने असतात. साबुदाण्याच्या खिरीत जी काही असतात ती दुधाची. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. मोसंबीच्या रसात प्रथिने जवळजवळ नसतातच. जखम भरून येते ती प्रथिनांच्या जोरावर, आणि हाडाचा मूळ साचासुद्धा कोलॅजन या प्रथिनाचाच असतो; कॅल्शियम नंतर त्यात बसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 65 किलोच्या माणसाला 54 ग्रॅम. शस्त्रक्रियेनंतर याहून थोडी जास्त मिळालेली बरी.

एवढी प्रथिने मऊ जेवणातून मिळणे अवघड नाही. अर्धा लिटर दुधात 16 ग्रॅम, दोन अंड्यांत 12, पाऊण वाटीच्या आसपास कोरड्या मुगाच्या डाळीत (75 ग्रॅम) 18, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये 9, दोन वाट्या दह्यात 6 ते 7 आणि दिवसभराच्या भातात 8 ते 10. ही बेरीज 70 च्या आसपास जाते आणि यातले काहीही चावावे लागत नाही. अंडी आणि पनीर वगळले तर मात्र ती पन्नासच्या आसपास येते, म्हणून तेवढी डाळ वाढवायला हवी. सातूचे पीठ दुधात कालवून घेणे हा त्यावरचा जुना आणि स्वस्त उपाय. नाचणीत प्रथिने बेताची, पण शंभर ग्रॅममध्ये 340 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ते इतर कोणत्याही रोजच्या धान्यात नाही. कोलॅजन बनायला क जीवनसत्त्व लागते. ते आवळ्यातून किंवा गाळलेल्या पेरूच्या गरातून घ्यावे. पहिल्या काही दिवसांत मात्र आंबट रस जखमेला झोंबतात.

मधुमेह्यांच्या बाबतीत गोड मऊ जेवण नुसते निकस ठरत नाही, ते अपाय करते. रक्तातली साखर चढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि नवे हाड बनण्याचे कामही रेंगाळते. शिरा, खीर, ज्यूस आणि ग्लुकोज-बिस्किटे दुधात बुडवून, असा आठवडा काढला तर शस्त्रक्रियेआधी महिनोन्‌महिने आटोक्यात आणलेली साखर हातची जाते. याच्या उलटही घडते, आणि ते अधिक तातडीचे असते. गोळी किंवा इन्शुलिन नेहमीइतके घेतले पण जेवण निम्म्यावर आले, तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, चक्कर येते. रात्रपाळीत मशीनवर असताना असे होणे धोक्याचे आहे. जेवण बदलणार असेल तर मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी विचारून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे.

उपवास हा इकडचा खास प्रश्न. तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते आणि आळंदी हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे एकादशी मोडायला पुष्कळजण तयार नसतात. उपवासाचा नेहमीचा फराळ मात्र इम्प्लांटच्या दृष्टीने वाईट: साबुदाण्याची खिचडी चिवट, तिच्यात दाण्याचे कूट, राजगिऱ्याचे लाडू कुरकुरीत, वेफर्सचे तर बोलायलाच नको. वरईचा मऊ भात, दही, दूध, केळे आणि उकडून कुस्करलेले रताळे एवढ्यावर उपवास सांभाळता येतो. निर्जळी उपवास त्या महिन्यापुरता सोडावा.

कारखान्यात काम करणाऱ्याची खरी कसोटी घरी नसते, ती कँटीनमध्ये असते. 1948 च्या कारखाने कायद्याप्रमाणे अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीनची सोय करायला लावता येत असे, आणि या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांत ती असते. तिथल्या ताटात वरण, भात आणि दही बहुधा मिळतेच. उसळ, चपाती, पापड आणि कांदा बाजूला ठेवला की काम भागते. अडचण वेळेची असते. वीस-पंचवीस मिनिटांच्या सुट्टीत रांग लावून, मऊ जेवण सावकाश एका बाजूने खाऊन, वर चूळही भरून परत लाइनवर जाणे जमत नाही, मग घाईत दोन्ही बाजूंनी चावले जाते. मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये घरून आणलेली आसट खिचडी यापेक्षा बरी. कॉट बेसिसवर राहून मेसमध्ये जेवणाऱ्या मुलांना तर चूलही नसते. त्यांच्यासाठी विजेची किटली, पिशवीचे दूध, दही, सातूचे पीठ, उकडून कुस्करलेली अंडी आणि मेसमधले वरण-भात हा व्यवहारात बसणारा मार्ग आहे. भोसरी-पिंपरीतल्या पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. शस्त्रक्रिया बुधवारी केली तर सूज सर्वांत जास्त असते तेव्हाचा निदान एक दिवस घरी मिळतो. पहिले दोन-तीन दिवस वजन उचलणे आणि खाली वाकून काम करणेही टाळायचे असते, कारण रक्तदाब वाढला की थांबलेले रक्त पुन्हा सुरू होते. हेल्मेटचा पट्टा सुजलेल्या गालावर घासतो. तेवढे दिवस कंपनीच्या बसने गेलेले चांगले.

आता दुसरा आठवडा ते तिसरा महिना. हा काळ सांगितला जातो कमी आणि बिघडतो जास्त. टाके निघाल्यावर पातळ जेवणाची गरज राहत नाही, आणि ते तसेच चालू ठेवले तर माणूस अशक्त होतो. आता दुसऱ्या बाजूने चावता येते आणि चोथाही पोटात जायला हवा. पपई, शिजवलेल्या पालेभाज्या, दलिया, नीट शिजलेली उसळ, काटे काढलेला मऊ मासा हे सुरू करावे. प्रश्न चपातीचा आणि भाकरीचा. चपाती मऊ असते असे सगळेच धरून चालतात, पण तव्यावरची चपाती आणि सकाळी सहाला डब्यात भरून दुपारी उघडलेली चपाती यांत फार फरक असतो. दुसरी चामट होते, ती दातांनी ओढून तोडावी लागते, आणि त्या ओढण्यात इम्प्लांटवर आडवा जोर येतो. सरळ खाली दाबणाऱ्या जोरापेक्षा आडवा जोर हाडातल्या कच्च्या जुळणीला जास्त बाधतो. भाकरीचे कडक पापुद्रे आणि कडा यांचेही तेच. यावर गावाकडचा उपाय आहे तोच उत्तम: चपाती किंवा भाकरी आमटीत, दुधात किंवा ताकात कुस्करून काला करायचा आणि दहा मिनिटे भिजू द्यायचा.

इम्प्लांट पुढच्या दाताच्या जागी असेल तर या काळात कशाचाही लचका तोडायचा नाही. वडापाव, कणीस, पेरू, सफरचंद, उसाचे कांडे यांपैकी जे चालण्यासारखे असेल ते सुरीने बारीक करूनच तोंडात घालावे. इम्प्लांट हिरडीखाली झाकून ठेवला आहे की त्याच्यावरची तात्पुरती टोपी हिरडीबाहेर दिसते, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. टोपी बाहेर असेल तर घास थेट तिच्यावर येतो, म्हणून काळजी जास्त. काही रुग्णांना त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत तात्पुरते, पण काढता न येणारे दात बसवून मिळतात. त्यांना वाटते की आता दात आले, आता काहीही खावे. खरे तर सर्वांत कडक पथ्य त्यांनाच असते. ते दात दिसण्यासाठी आणि मऊ घासासाठी दिलेले असतात, आणि निदान सहा ते आठ आठवडे त्यांनी काही कडक फोडायचे नसते. जुनी कवळी वापरणाऱ्यांनी ती इम्प्लांटच्या जागी आतून घासून मोकळी करून घेतल्याशिवाय लावू नये.

तंबाखू हा जेवणाचा भाग नव्हे, पण या पट्ट्यात त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. मळलेली तंबाखू आणि मशेरी मात्र सर्रास चालते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि भरू पाहणाऱ्या हाडाला रक्त कमी पोचते. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळते. तंबाखूची गोळी तर गाल आणि हिरडीच्या मधे, म्हणजे नेमकी जखमेशेजारी धरली जाते, आणि वर सतत थुंकणे असते. मशेरी लावणाऱ्या बाया बोटाने टाक्यांवरच घासतात. सुपारीचे नुकसान दुहेरी: ती कडक असते, आणि वर्षानुवर्षे खाल्ल्याने गालाच्या आतली त्वचा आखडून तोंड पुरते उघडत नाही. अशा रुग्णाला मऊ घाससुद्धा छोट्या चमच्याने भरवावा लागतो.

औषधांचाही जेवणाशी संबंध आहे. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. इम्प्लांटनंतर बहुधा दिले जाणारे अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच कुळातले. ते जेवणाआधी किंवा नंतर कधीही चालते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मात्र रिकाम्या पोटी घेतली तर जठराला इजा करतात, म्हणून जेवण टाळून गोळी घेऊ नये. सोबत मेट्रोनिडाझोल दिले असेल तर ते संपेपर्यंत आणि पुढे निदान दोन-तीन दिवस दारू वर्ज्य. दोन्ही एकत्र आल्यास उलट्या होऊ शकतात, आणि ताज्या टाक्यांवर उलटी झालेली परवडत नाही.

चौथ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढली, ताप आला, पू दिसला, दाबून धरूनही रक्त थांबले नाही, किंवा भूल उतरून दिवस गेला तरी खालचा ओठ बधिर राहिला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. घास चावताना इम्प्लांट हलल्यासारखा वाटला तर दुखत नसले तरी जावे. पुष्कळदा वरची टोपीच सैल झालेली असते आणि पाच मिनिटांत आवळून मिळते.

कॅप बसल्यावर पथ्य संपते, पण लगेच नव्हे. पहिले काही आठवडे घास हळूहळू कडक करत न्यावा. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ अस्तर असते. भातात खडा लागला की तो चावण्याआधीच जबडा थांबतो, तो या अस्तरातल्या संवेदनांमुळे. इम्प्लांट थेट हाडात रुजलेला असल्याने त्याला हे अस्तर नसते आणि खडा उशिरा कळतो. म्हणून सुपारी, अक्रोड, उसाचे कांडे आणि मटणाची नळी यांसाठी त्या बाजूचा दात पुढेही वापरू नये, त्याच्या कडेने छोट्या ब्रशने रोज सफाई करावी, आणि दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून स्क्रू आणि हिरडी तपासून घ्यावी.